बाल्कनीतला कंदील

चंदीगडच्या थंडीत वीणाताईंनी गरम हवेसाठी एसी लावायला घेतला, पण तो काही केल्या चालू होईना. मेकॅनिक फोनवरूनच म्हणाला, "आंटीजी, बोर्ड गया."

"न बघताच?" ताईंनी फोन ठेवला आणि स्वतःच स्टुलावर चढल्या. रिमोटचे सेल ठीक होते, पण एसीच्या सॉकेटमध्ये प्लग होता दिवाळीच्या आकाशकंदिलाचा. त्यांनीच खुपसलेला.

"आता तरी उतरव तो. दिवाळी कधीच संपली, शेजारी हसतात," नवरा म्हणाला.

"हसू देत! बदली होऊन आलो म्हणून काय मराठी घर लपवायचं? एक्स्टेन्शन आणा."

एसीतून ऊब आली, बाहेर कंदीलही पुन्हा लागला.

"बदलीची ऑर्डर आली की उतरवेन," ताई म्हणाल्या, "आणि नव्या घरात सामान उघडायच्या आधी लावेन!"