ओटा

गुडगावच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं, तेव्हा मी एकच गोष्ट मागितली. ओटा. दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरच्या तिसऱ्या मजल्यावर मी नुसती कोंडून गेले होते. हे ऑफिसात, मुलगी शाळेत आणि माझं हिंदी भाजीवाल्यापुरतं. माहेरी जळगावला आई संध्याकाळी दाराबाहेरच्या ओट्यावर लसूण सोलत बसायची, आणि जाणारी-येणारी प्रत्येक बाई तिथे घटकाभर टेकायची. मला तेवढंच हवं होतं.

नकाशा काढणारा आर्किटेक्ट रविवारी घरी यायचा. माझ्याशी बोलायचा तो फक्त चहा छान झालाय एवढंच, बाकी सगळं यांच्याशी. एकदा मीच धीर करून म्हणाले, "मुझे ओटा चाहिए. बड़ा."

हे समजावून सांगणार, तेवढ्यात तो हसला. "अरे सर, मुझे पता है! पहले भी मराठी फैमिली का घर बनाया है. भाभीजी को ओटा बिल्कुल मिलेगा, पूरी दीवार जितना लंबा."

मला इतका आनंद झाला की त्याच्या बशीत आणखी एक लाडू ठेवला. पुढच्या खेपेला त्याने टेबलावर नकाशा पसरला. ते दोघे एका बाजूला, मी ट्रे घेऊन दुसऱ्या बाजूला उभी. माझ्याकडच्या कडेला एक लांबलचक पट्टी होती. "ये रहा आपका ओटा." मी खुशीत मान डोलावली. कागद मला उलटा दिसतोय हे डोक्यातच आलं नाही.

भिंती उभ्या राहिल्यावर बघायला गेले. पुढे गाडीची जागा, फाटकाचे खांब आणि माझ्या डोक्याच्याही वर गेलेली कंपाउंडची भिंत. ओटा कुठाय विचारलं, तर त्याने मला थेट मागे, स्वयंपाकघरात नेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गॅस ठेवायचा ओटा!

"हा नव्हे हो, बसायचा," मी यांना म्हटलं. हे आधी खो खो हसले. मग म्हणाले, "अगं, पुढे आता गाडी येणार. आणि इथे रस्त्यावर बसतं कोण? नकाशा पास झालाय, चलो, छोड़ो यार."

अस्सा राग आला होता! पण हिंदीत मला भांडता येत नव्हतं, आणि मराठीत ज्याच्याशी भांडायचं तो विषय मिटवून गाडीच्या रंगाबद्दल बोलायला लागला होता.

राहायला गेलो. जो येई तो ओट्याचं कौतुक करी. शेजारच्या बायका आपापल्या फाटकांच्या आत. एका दुपारी मी डबे बाजूला सारले आणि चढून त्या ओट्यावर बसले, पाय खाली सोडून, मांडीवर लसणाची परडी घेऊन. समोर फ्रिज.

मुलगी शाळेतून आली आणि दारातच थबकली. "आई, ओट्यावर कोणी बसतं का?"

मी जरा सरकून तिला जागा केली.

"नको, युनिफॉर्म खराब होईल," ती म्हणाली आणि टीव्ही लावायला गेली.