धरलंय, सोड

बदलापूरच्या आमच्या बिल्डिंगचा नळ तळमजल्यावर आणि आम्ही तिसऱ्या माळ्यावर. बाबांचे गुडघे दुखायचे, म्हणून हंडा मी भरून आणायची आणि जिन्याच्या मधल्या वळणावर तो बाबांच्या हातात द्यायची.

"धरलंत?"

"धरलंय, सोड."

एवढं बोलल्याशिवाय हंडा द्यायचा नाही. एकदा न बोलता दिला-घेतला आणि तो दोघांच्या मधून निसटून जिनाभर गडगडत गेला होता. मी विमान चालवायला लागले तरी हा नेम सुटला नाही. विमानवाली बाई हंडे वाहते म्हणून शेजारणी खुशाल हसायच्या.

नव्वद सालानंतर मला जुन्या विमानावरून नव्यावर घातलं. जुन्यात दोन्ही पायलटांच्या समोर एकेक जाडजूड दांडा, त्याच्या डोक्यावर अर्धं चाक. दोन्ही दांडे आतून जोडलेले. कॅप्टननी त्यांचा ओढला की माझाही हलायचा, सांगायची गरजच नसे. नव्यात समोर काहीच नाही. बाजूला मुठीत मावेल एवढी काठी, साइडस्टिक. कॅप्टनची त्यांच्या डाव्या हाताला, माझी माझ्या उजव्या. एक हलली तरी दुसरी ढिम्म. दोघांनी एकदम हलवल्या तर विमान दोघांची बेरीज करून तेवढं वळणार.

बाबांना हे सांगितलं तर ते चहा पिता पिता थांबले. "मग त्याने धरलंय हे तुला कळायचं कसं?"

"बोलायचं, बाबा. तसा नियमच आहे."

"आणि गडबडीत राहिलं बोलायचं तर?"

"डोकं नका खाऊ," मी म्हणाले. पण त्या दिवसापासून काठीला हात लावला की बाबांचा प्रश्न आठवायचा.

एका दुपारी मुंबईला उतरताना वारा आडवा होता. विमान माझ्या हातात. शेजारचे कॅप्टन मराठीच, सगळी उमर जुन्या दांड्यांवर काढलेले. धावपट्टीच्या तोंडाशी डावा पंख खाली गेला. मी सावरला, तर विमान उजवीकडे कललं, मी मागितलं त्याच्या दुप्पट. परत आणलं, तर डावीकडे दुप्पट. हा वारा की कॅप्टन? त्यांची नजर समोर, डावा हात अंगापलीकडे, मला न दिसणारा. मी घाबरले. आता आपण मरणार आणि मागे बसलेल्या सगळ्यांना घेऊन मरणार, असं स्पष्ट वाटलं.

"धरलंय का?" मी ओरडले. मराठीत, सर वगैरे न म्हणता.

ते दचकले. "हो, धरलंय! सोड!"

सोड म्हणे. हंडा सोडताना आधी वजन हलकं होतं, मग बोटं आपोआप उघडतात. इथे काहीच हलकं झालं नाही. नुसत्या शब्दावर सोडायचं होतं आणि बोटं उघडेनात. कशीबशी उघडली. विमान सरळ झालं. कॅप्टननी ते दाणकन टेकवलं.

"सवयीने हात गेला गं," ते इंजिनं बंद करताना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. वळणावर बाबा उभे होते. त्यांनी दोन्ही हात हंड्याखाली घातले. मला ते दिसत होते, वजनही हलकं झालं होतं.

"धरलंय, सोड."

मला सोडवेना.

"अगं, धरलंय मी. सोड की!"

हंड्यातलं पाणी हिंदकळत होतं. माझ्या हातांनी की त्यांच्या, तेच मला कळत नव्हतं.