ओठ ओले करण्यापुरतं

"ओठ ओले झाले, बास," म्हणत ताई बाटलीचं झाकण लावायच्या. तुम्हीही गाडीत अशी बाई पाहिली असेल. बोलून बोलून घसा सुकलेला, तरी पाण्याला घाबरणारी. रत्नागिरीहून जयगडकडे जाणाऱ्या गाडीवर त्या कंडक्टर होत्या. मी वाटेवरच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे रोज त्यांच्या शेजारीच बसायची. शेवटच्या थांब्यावर बाईमाणसाला आडोसा नव्हता, म्हणून पाणीच नको.

एकदा त्या माझ्या कानाशी वाकल्या. "मॅडम, लघवीला जळजळ होते. परत परत होते. सांगू कोणाला?"

मी त्यांना माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे "पोटात दुखतं" एवढंच म्हणून त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. उरलेलं मीच सांगितलं.

डॉक्टरांनी समजावलं. मूत्राशयाला आतून साखरेच्या रेणूंचा पातळ, बुळबुळीत थर असतो. त्यावर जंतूंना सहज चिकटता येत नाही. शिवाय लघवीत साखरेच्या रेणूंनी मढलेलं एक प्रथिन असतं. जंतू त्याला चिकटतात आणि लघवीबरोबर वाहून जातात.

"म्हणजे मला साखर झाली?" ताई घाबरल्या.

"नाही हो, ही राखण करणारी साखर. पण तुम्ही लघवी धरून ठेवलीत, तर जंतू बाहेर जाणार कसे?"

ताईंना हसू फुटलं. "म्हणजे पॅसेंजर चढले, पण गाडी सुटलीच नाही!"

त्या पाणी पिऊ लागल्या. मग एका दुपारी उतारावरच्या एका घरासमोर त्यांनी बेल दिली.

"काय झालं, ताई?" ड्रायव्हरने विचारलं.

"लघवीला जाऊन येते."

गाडी एकदम गप्प झाली. मागे कोणीतरी खिदळलं. कोणी म्हणालं, "आता गाडी हिच्यासाठी थांबायची काय?" आम्ही बायका पर्स सावरत खाली बघत बसलो. ताई परत आल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. पुढची तिकिटं त्यांनी मान वर न करता दिली.

थोड्याच दिवसांत त्यांनी गाडी बदलून घेतली. "त्या माणसांसमोर उभी कशी राहू, मॅडम?" फोनवर म्हणाल्या. आता त्या पालीच्या गाडीवर असतात. तिथे शेवटच्या थांब्याजवळच त्यांच्या मावशीचं घर आहे. त्रास पुन्हा झालेला नाही.

आमच्या गाडीवर नवा कंडक्टर आला. परवा त्याने मध्येच बेल दिली, खाली उतरला आणि रस्त्याकडेच्या दगडी गडग्याकडे तोंड करून उभा राहिला. गाडीतल्या गप्पा तशाच चालू होत्या.