पाठ केलेलं पान

पारनेरपासून आत, एका वाडीवरच्या शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवायचे. मुळाक्षरांची घोकंपट्टी मला कधीच पटली नाही. आधी अक्षराचा आवाज, मग आवाजाला आवाज जोडला की शब्द आपोआप तोंडात येतो, ही माझी रीत. त्यावर मी इतर शिक्षकांपुढं बोलायचे. बोलायचे कसली, फुशारकीच मारायचे.

एके वर्षी एकच मुलगी अडली. 'ब' दाखवला की ब म्हणायची, 'स'ला स. दोन्ही जोडून बस म्हण म्हटलं की गप्प. पाठांतर मात्र लई भारी. चार वेळा ऐकलेलं पान ती ओळीवर बोट फिरवत घडाघडा म्हणायची. ती वाचत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. रोज दहा मिनिटं तिच्याशेजारी बसले असते तर जमलं असतं तिला. पण तपासणी आठवड्यावर आली होती, आणि कुणाला वाचता येतं त्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात तिच्या एकटीच्या नावापुढची चौकट रिकामी होती.

तालुक्याहून साहेब आले. मी तिला नेमकं तेच पाठ असलेलं पान उघडून दिलं. पोरीनं असं काही म्हणून दाखवलं की साहेबांनी टाळ्या वाजवल्या. चौकटीत मी बरोबरची खूण केली. जूनमध्ये माझी बदली झाली, आणि त्या खुणेमुळं पुढं कुणी तिच्याकडं पाहिलंच नाही.

दोन वर्षांनी ती पारनेरच्या बाजारात आईबरोबर भेटली. आई कांदे काढायला रोजानं जाणारी, शाळेचं तोंड न पाहिलेली. माझे हात धरून म्हणाली, तुमच्यामुळंच पोरगी वाचायला लागली. मग पिशवीतून शाळेनं दिलेली चिठ्ठी काढली आणि मॅडमपुढं वाच म्हणून पोरीच्या हातात दिली. पोरीनं कागदावर बोट ठेवलं. ते तिथंच राहिलं. मी मेलीनं घाईघाईनं चिठ्ठी ओढून घेतली आणि स्वतःच वाचली. त्यात मला तिच्यापेक्षा माझीच अब्रू झाकायची होती, खोटं कशाला बोलू?

आई मेथीच्या जुड्या बघायला वळली, तशी पोर माझ्याजवळ सरकली.

"मॅडम, तुमी शिकवलेलं मी इसरले. आईला सांगू नका."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. तू विसरली नाहीस, मी शिकवलंच नव्हतं, एवढं एक वाक्य माझ्या तोंडातून निघेना. नाही सांगत, म्हटलं. तिला इतकं हायसं वाटलं की भर बाजारात ती वाकून माझ्या पाया पडली.