एक मणी वाया जाता कामा नये

बातमी आली तेव्हा कुंडलकडची द्राक्षं नुकतीच उतरवून झाली होती. नेहमीचीच सकाळ. कोल्ड स्टोरेजच्या दारात क्रेट रचलेले, बायका कात्र्या घेऊन बसायच्या बेतात. एवढ्यात सांगलीच्या हॉस्पिटलमधून वहिनींचा फोन आला. दादा गेले. माझे थोरले भाऊ. हे स्टोरेज त्यांनी उभं केलं, मी ऑफिस बघतो.

माणूस असतो तोवर त्याच्या बोलण्याचा वैताग येतो. गेल्यावर त्याच बोलण्याचे किस्से होतात. तिसऱ्या दिवशी रक्षा सावडून आलो आणि अंगणात तेच सुरू झालं.

सुनंदाक्का आमच्याकडे घड निवडतात. एक नासका मणी काढताना कात्रीनं शेजारचे तीन चांगलेही उडवायच्या. एक दिवस दादा मागं येऊन उभे राहिले.

"आक्का, एक दात दुखला म्हणून डॉक्टर जबडा काढतोय व्हय?"

"तुमचा काढाय पायजे. तेवढीच शांतता हुईल," आक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या एकेकच मणी काढू लागल्या. गळालेले मणी दादा जाळीवर वाळवायचे. आमच्या भावकीत एकही लग्न असं नसेल, जिथं त्यांनी आहेर म्हणून बेदाणे दिले नाहीत.

एक व्यापारी पेटी परत करायला निघाला. घडात रंग एकसारखा नाही म्हणे. दादा शांतपणे म्हणाले, "तुमची पोरं उभी करा की एका वळीनं. एका रंगाची हायत का बघू, मग पेटी परत घेतो."

पेटी परत आली नाही. पुढं तो व्यापारीही आला नाही.

मुंबईच्या वाशी मार्केटला पोचेपर्यंत माल का चेपतो, हे बघायला दादा एकदा टेम्पोत मागं क्रेटजवळ बसले. रज्जाकभाई चालवत होते. तेच सांगू लागले.

"मी म्हणालो, दादा, केबिनमध्ये या की. तर म्हणाले, द्राक्षास्नी कुठं दुखतंय ते ती सांगत न्हाईत, गड्या. मी सांगीन."

वाशीत दादांना सरळ उभं राहता येईना. रज्जाकभाईंनी विचारलं, "कुठं दुखतंय?"

"तुझ्या दर ब्रेकला."

हॉस्पिटलमध्ये कुणीतरी बंद पिशवीतून द्राक्षं आणली. दादांना धड बोलता येत नव्हतं. त्यांनी बोटानं खूण करून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, घरचं काही सांगायचं असेल.

"पिशवीला भोकं पाड," म्हणाले. "गुदमरत्यात."

मग सगळे स्टोरेजवर गेलो. फोन आला त्या दिवशी कुणीतरी क्रेट आत घ्यायला वाकला होता. मोठी माणसं म्हणाली, "आज कामाला हात लावायचा न्हाई रं. दादांचा मान हाय." द्राक्षांचा मालकसुद्धा "ऱ्हाऊ द्या" म्हणाला. शटर ओढलं आणि सगळे सांगलीला गेलो.

रज्जाकभाईंनी शटर वर केलं. रस उंबऱ्यापर्यंत येऊन वाळला होता. माश्या उठल्या. सुनंदाक्का खाली बसल्या, कात्री घेतली आणि वरच्या क्रेटमधला एक घड उचलून एकेक मणी काढू लागल्या. बराच वेळ काढत होत्या. शेवटी हातात नुसता देठ राहिला.

क्रेटमागं कोल्ड रूमचं दार होतं. आत मशीन तीन दिवस चालूच होतं, खोली रिकामी होती. क्रेट तेवढे आत घ्यायचे राहिले.