श्वास सोडणारी विहीर

आमच्या शेतातली विहीर श्वास सोडते. कुणाला भेव दाखवायला म्हणून मी हे लिहीत नाही. येऊन तोंडाजवळ हात धरावा, कळेल. विहीर जुनी आणि अरुंद आहे. वरून फरशा टाकलेल्या, माणूस उतरेल एवढंच तोंड उघडं. आभाळ भरून आलं की आतून वारा वर येतो, ओल्या मातीच्या वासाचा, आणि पदर हलतो. आभाळ मोकळं झालं की उलटं होतं. राखेची मूठ सोडली तर ती पडत नाही, आत ओढली जाते. लग्न होऊन आले तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं आणि घागर तिथेच ठेवून घरी आले. सासू म्हणाली, पाणी कुठं आहे. मी परत गेले.

आमच्या घरात देव नाहीत. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव नदीत सोडले. विहिरीतली बुढी तेवढी सोडायची राहिली. तिची मूर्ती नव्हती, मग सोडणार काय?

ही बुढी शेजारच्या धुऱ्यावरच्या, बांधापलीकडच्या गोंड बाईची. बाई माझ्याच वयाची, आणि गोष्ट तिच्या आजीची. जमिनीच्या खाली एक बुढी चूल पेटवून बसली आहे. लेकरं भुकेली म्हणून तिनं मोठा हंडा चढवला. लेकरं केव्हाच मरून गेली, पण तिला कुणी सांगितलं नाही, म्हणून ती ढवळतच राहिली. हंड्यावरचं झाकण ती हातानं दाबून ठेवते. हात थकला की हंडा उतू जातो. एकदा असा उतू गेला की काळी आंबील साऱ्या मुलखावर पसरली आणि थिजली. तीच ही आपली काळी जमीन. आता बुढीला झोप लागली आहे, आणि तुमच्या सासऱ्यांनी विहीर खणली ती नेमकी तिच्या नाकासमोर. बाई हे निंदण करता करता सांगायची, मध्येच तंबाखू मळायची. मला तिच्या सांगण्याचं भेव वाटत नसे. लेकरं मेल्याचं तिला कुणी सांगितलं नाही, एवढं एकच वाक्य मला आवडत नसे.

माझा मुलगा मात्र भ्यायचा. चाळिशी उलटलेला माणूस, पण विहिरीत उतरायचं काम निघालं की समुद्रपूरकडचा एक गडी बोलवायचा. तो गडी आपल्या सवडीनं, उघडीप पाहून यायचा. गावात लोक हसत. मुलगा म्हणे, मले गुडघ्याचा त्रास आहे.

मागच्या हिवाळ्यात माझी नात आली होती, मुलीची मुलगी. बोरगाव मेघ्यात राहते, कॉलेजात दगडांचं शिकते. दगडांत शिकण्यासारखं काय असतं असं मी तिला विचारलं होतं, ती रागावली नाही. त्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं मोबाइलवर पेटलेला पहाड दाखवला. कुठल्या देशातला होता. तोंडातून लाल रस उडत होता, आणि आवाज बंद केलेला होता म्हणून जास्तच वाईट वाटत होतं.

"हा फुटते काऊन पण?" मी विचारलं.

"आजी, खूप खोल दगड वितळलेला असते. आजूबाजूच्या दगडाहून हलका, म्हणून वर सरकते. त्याच्यात वाफ अन् वायू मुरलेले असतात, सोड्याच्या बाटलीत असतात तसे. वर आलं की दाब कमी होते, मग बुडबुडे फुगतात अन् रसाले बाहेर ढकलतात. रस घट्ट असला तर बुडबुडे अडकतात, अन् मग पहाडच उडते. पातळ असला तर नुसता वाहते."

"आपल्याइकडं तर पहाडच नाई," मुलगा म्हणाला.

"नव्हताच, मामा. जमिनीले लांब भेगा पडल्या अन् पातळ रस वाहत गेला. थंड झाला, पुन्हा आला. थरावर थर. तुमच्या इहिरीत दिसतात ना, काळा थर, मग भोकाभोकाचा, मग लाल मातीचा पट्टा? तो लाल पट्टा म्हणजे रसाच्या दोन पुरांच्या मधली माती, वरच्या रसानं भाजलेली. भोकं म्हणजे बुडबुडे."

गिरडच्या टेकडीवर सुपारीसारखे दगड सापडतात. तिथल्या दर्ग्याच्या बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा माल दगड झाला, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. ते काय मग, असं मी विचारलं. तेही बुडबुडेच, ती म्हणाली, भोकात पाणी झिरपून झिरपून आतून भरलेले.

"अन् बुढी?" मुलगा हसत म्हणाला, पण तिच्याकडे बघत राहिला.

"बुढी-बिढी काही नाई. कोट्यवधी वर्षं झाले, सारं थंड पडलं. इहीर श्वास घेते ते त्या भोकांतल्या हवेनं. बाहेरचा दाब कमी झाला की हवा निघते, वाढला की आत जाते."

मुलानं मान हलवली. मला तेव्हाच त्याचा चेहरा मोकळा झालेला दिसला. आता वाटतं, तो तसाच भीत राहिला असता तर बरं होतं.

दुसऱ्या दिवशी मोटर पाणी उचलेना. खाली पाइपाच्या तोंडाशी गाळ अडकला असणार. हरभरा फुलावर होता. मुलानं गड्याला फोन केला नाही. "मीच उतरतो, माय," म्हणाला.

सकाळपासून आभाळ दाटलेलं होतं. विहीर जोरात श्वास सोडत होती. फरशीवर ठेवलेला पळसाच्या पानांचा द्रोण आपोआप उलटला. शेजारची बाई धुऱ्यावर येऊन उभी राहिली.

विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडायची रीत आमच्याकडे आहे, सगळीकडेच आहे. दिवा जळत राहिला तर उतरायचं. पण आमची विहीर फुंकते, म्हणून सासऱ्यांपासून घरात पुढची रीत पडली होती. दिवा विझला तर 'बुढीनं फुंकला' म्हणायचं, हसायचं आणि उतरायचं. दुसऱ्या कुणाच्या विहिरीवर असं कुणी केलं नसतं.

मुलानं दोरीला कंदील बांधला आणि सोडला. मी वाकून पाहत होते. काळा थर गेला, भोकांचा गेला, लाल पट्टा आला. तिथे दिवा विझला.

"फुंकला," मुलगा म्हणाला आणि हसला. "बुढी नाई, हवा आहे. हो ना व भाची?"

नातही हसली. शेजारची बाई हसली नाही.

मी मात्र पाहिलं होतं. आयुष्यभर चुलीपुढे बसले आहे. वाऱ्यानं विझते ती ज्योत आधी आडवी होते, फडफडते. ही उभीच होती. उभी राहूनच बारीक होत गेली, निळी झाली, आणि गेली. कुणी बोटांच्या चिमटीत धरावी तशी. वर कंदिलाला काच होती, त्यात वारा शिरला कुठून?

"उतरू नको," मी म्हटलं.

"कायले? रात्रीच तर ऐकलं तू, खाली कोणी नाई."

"कोणी नाई म्हणूनच म्हणते. मंग दिवा कोणी नेला?"

"माय, तू पण ना! ह्या वयात बाईच्या नादी लागली."

त्यानं चप्पल काढली आणि एक पाय आतल्या पायरीच्या दगडावर ठेवला. तेवढ्यात नातीचं हसू उतरलं. तिनं त्याचा शर्ट मागून धरला. "मामा, थांबा. जमिनीतली हवा... मुळं, कुजलेलं, सारं तिच्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. आज ती सारी वर येऊन राह्यली." मुलगा म्हणाला, तुम्ही दोघी मिळून मले बाईमाणूस करून टाकता. आणि दुसरा पाय टाकला.

मी वाद घातला नाही. नातीनं शर्ट सोडला नव्हता, तेवढ्यात विहिरीजवळ दाणे टिपणारी एक कोंबडी धरली, टोपलीत कोंबली, वर जाळी बांधली आणि कंदिलाच्याच दोरीनं सोडली. त्याच्या खांद्याच्या बाजूनं टोपली खाली गेली. आधी ती ओरडत होती. लाल पट्ट्यापाशी तिनं दोनदा पंख आपटले. मग आवाज आला नाही, आणि विहिरीचा वारा तसाच वर येत राहिला, आमच्या तोंडावर, कोमट. मी दोरी ओढली. टोपली बाहेर आली तेव्हा कोंबडीची मान जाळीतून बाहेर लोंबत होती. डोळे उघडे होते. कुठे जखम नाही, काही नाही.

मुलगा वर आला. फरशीवर बसला आणि किती तरी वेळ आपल्या पायांकडे पाहत राहिला. शेजारची बाई म्हणाली, "तिनं एक घेतलं. आता तिचं पोट भरलं." आणि ती निंदायला निघून गेली, जणू भाजीचा भाव सांगून गेली.

कोंबडी कुणी खाल्ली नाही. मी पुरली.

पण हरभऱ्याला पाणी लागणारच होतं. पुढे आभाळ उघडलं, ऊन पडलं आणि विहीर आत ओढू लागली. गडी उघडीप पाहूनच का यायचा ते मला तेव्हा कळलं. नातीनं सांगितल्याप्रमाणे मोठा पंखा आणून पाइपानं खालपर्यंत हवा सोडली, तासन्‌तास. कंदील सोडला. तो तळाच्या पाण्यापर्यंत जळत गेला. मग मुलानं कमरेला दोर बांधला. दुसरं टोक बाभळीच्या खोडाला आणि मधला भाग माझ्या आणि नातीच्या हातात.

तो उतरला. लाल पट्ट्याखाली गेल्यावर दोर सैल पडला. मी हाक मारली. विहीर आत ओढत होती, माझी हाकही तिनं ओढून घेतली असं वाटलं. पुन्हा हाक मारली. नात रडायला लागली. मी तिला म्हटलं, रडू नको, ओढ. आम्ही दोर ताणला तसा खालून त्याचा आवाज आला, लांबचा, झोपेतून उठलेल्या माणसासारखा.

"ओढू नका! काम झालं. थांबलोय."

"थांबला कायले?"

मग म्हणाला, "इथला दगड गरम लागते, माय. चुलीच्या वैलासारखा."

नात पुटपुटली की हिवाळ्यात खोलची जमीन वरच्यापेक्षा उबदारच लागते, त्यात काही नाही. खरंच असेल. मी फक्त दोर घट्ट धरला आणि म्हटलं, हात काढ त्याच्यावरून आणि वर ये.

तो आला. चेहरा गाळानं माखलेला. मी आधी त्याच्या नाकासमोर हात धरला आणि श्वास येतो का ते पाहिलं. मगच शिव्या दिल्या.