खोक्यात राहिलेला ड्रॉपर

माझ्या मावशीला गिऱ्हाइकं पाठीमागे 'थांबाबाई' म्हणतात. औषधाच्या दुकानात ती एकोणीस वर्षं उभी आहे. बाटली हातात देण्याआधी "थांबा!" म्हणणार, तारीख बघणार, झाकण चाचपणार, चिठ्ठीवरून पुन्हा बोट फिरवणार. "अहो बाई, तोवर ताप आपोआप उतरेल!" असे टोमणे मारून लोक थकले. मावशी ढिम्म.

त्या सकाळी दुकानात झुंबड होती. शाळेचं फाटक रंगवणारा पेंटर आला, कोपरापर्यंत निळा. आठ महिन्यांच्या बाळाला ताप होता. मावशीने थेंबांच्या औषधाची बाटली खोक्यातून काढली, तारीख पाहिली, पिशवीत टाकली. "एक मिली द्यायचं. लागलंच तर सहा तासांनी पुन्हा." मागून चार हात पुढे आले होते.

तासाभराने काउंटर आवरताना तिने रिकामं खोकं उचललं. आत काहीतरी खुळखुळलं.

ड्रॉपर!

हे औषध साध्या सिरपच्या चौपट कडक. मोजायला ड्रॉपर नाही म्हटल्यावर घरात काय घेतील? चमचा.

मावशी गुडघेदुखी विसरून धावत सुटली. पेंटर शाळेच्या फाटकाशी शिडीवर होता.

"बाळाला औषध दिलं?"

"बायकोने दिलं असेल. बाटली मघाशीच घरी टाकून आलो. का हो?"

"खाली उतर! फोन लाव!"

निळ्या बोटाला फोन दाद देईना. बोट पँटला पुसून त्याने कसाबसा नंबर लावला, स्पीकर चालू केला.

"दिलं की," पलीकडून बायको म्हणाली. "आधीच्या सिरपचा चमचा होता, तो भरून. शहाण्यासारखं प्यायलं."

"केवढा चमचा?" मावशीने विचारलं.

"पाच मिलीचा. कोण बोलतंय? काय झालं? अहो, बोला ना!"

"बाळ आणि बाटली घेऊन दवाखान्यात ये. आत्ताच्या आत्ता. चूक माझी आहे. शिव्या नंतर दे."

डॉक्टरांनी बाळाचं वजन केलं, बाटली वाचली. "पाचपट गेलंय. जास्त झालं की हे औषध लिव्हरवर जातं. वजनाच्या मानाने धोक्याच्या रेषेखाली वाटतंय, पण मी अंदाजावर सोडणार नाही. औषध दिल्यापासून चार तासांनी रक्त तपासू."

चार तास! बाकावर बाळाची आजी, आई, बाळ. पेंटर दारात. मावशी भिंतीला टेकून उभी.

"तारखा बघत बसते म्हणे," आजी भिंतीकडे बघत म्हणाली. "बघायचं तेच बघितलं नाही."

"खरंय," मावशी म्हणाली.

बाळ झोपलं होतं. आई सारखी त्याच्या नाकाखाली बोट धरत होती.

"नेहमी एवढा झोपतो?" मावशीने हळूच विचारलं.

"तापात झोपतो... झोपतात ना हो?"

मावशी बाळाचे श्वास मोजू लागली.

अखेर डॉक्टर कागद घेऊन बाहेर आले. "रक्त ठीक आहे. लिव्हरला धोका नाही. पण मी सांगेपर्यंत आता थेंबही द्यायचा नाही."

आईला एकदम हुंदका फुटला. "संध्याकाळी परत चमचा भरणार होते मी. मग रात्री. ताप जाईपर्यंत देतच राहिले असते."

आजीने पिशवी मांडीवर घेतली, बाकावर जागा केली. "बसा आता. पडाल उभ्या उभ्या."

मावशी बसली नाही. तिने वाकून बाळाच्या कपाळाला हात लावला. अजून गरम होतं.